दुसरा नकार

1890 सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठांना लावला, कोणी हातही लावला नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात गहजब उडाला. त्या यादीत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्त कोणी घ्यायचं, कोणी नाही, यावर पुण्यात दीर्घकाळ रणं माजली.

मिशनच्या अंगणातल्या चहाला ही किंमत पडत होती, त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्याला काय किंमत मोजावी लागली असेल, याचा अंदाज आज करणं कठीण आहे. घर सुटे, पंगत सुटे, बायको माहेरी नेली जाई, आई जिवंतपणी मुलाचं श्राद्ध घालायला निघे. पुढच्या पानांत अशा तीन माणसांची चरित्रं आहेत : नीळकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचे बाप्तिस्मे अनुक्रमे 1848, 1883 आणि 1895 सालचे. तिघेही कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांत जन्मलेले, तिघेही शास्त्र आणि काव्य यांच्यात मुरलेले. तिघांनीही हाती असलेलं मानाचं पान बाजूला सारून येशू ख्रिस्ताच्या मागे जायचं ठरवलं.

ही गोष्ट मराठी वाचकाला अगदीच नवी नाही. या तिघांविषयी पूर्वी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तरीही या पुस्तकाची गरज मला वाटते, कारण आपण त्यांच्या आयुष्यातली अर्धीच गोष्ट सांगत आलो. देवळातल्या प्रवचनात, रविवारच्या शाळेत, युवक शिबिरात ‘त्यांनी जग सोडलं आणि प्रभूला धरलं’ असं सांगून आपण थांबतो. जणू बाप्तिस्म्याच्या दिवशी निवड झाली आणि पुढचा रस्ता सरळ होता. चरित्रं बारकाईनं वाचली तर वेगळंच दिसतं. या तिघांची खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतर लागली. पहिला नकार त्यांनी जुन्या समाजाच्या मानाला दिला. दुसरा नकार त्यांना नव्या समाजाच्या सोयीला द्यावा लागला, आणि तो जास्त अवघड होता.

पवित्र शास्त्रातही क्रम हाच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा होतो, आकाशातून पित्याची वाणी येते आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात अरण्य लागतं. परीक्षा घेणारा येतो तो पुत्रत्वाची ग्वाही मिळाल्यावर. तो काही भलतंसलतं मागत नाही. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला भाकर सुचवतो. मंदिराच्या कड्यावर नेऊन शास्त्रातलं वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो. जगातली सगळी राज्यं देऊ करतो. भाकर वाईट नाही, वचन वाईट नाही, राज्यकारभारही वाईट नाही. या चांगल्या गोष्टी पित्याला वगळून घे, एवढंच त्याचं म्हणणं. लूक आणखी एक सांगतो : सैतान तेव्हा गेला तो कायमचा नव्हे, पुढची संधी मिळेपर्यंत. ज्यांना वाटतं की आपण एकदा साक्ष दिली, एकदा व्यसन सोडलं, एकदा वेदीपुढे गुडघे टेकले म्हणजे प्रश्न मिटला, त्यांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं.

रमाबाईंचं उदाहरण या दृष्टीनं सगळ्यांत बोलकं आहे. 1858 साली जन्मलेली ही मुलगी आईकडून संस्कृत शिकली, तीर्थयात्रेच्या वाटेवर वाढली, दुष्काळात तिनं आईवडिलांचे मृत्यू पाहिले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1882 साली वैधव्य आणि कडेवरची लहान मुलगी मनोरमा यांच्यासह ती पुण्यात आली, तेव्हा इथल्या सुधारकांनी तिला डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला. हंटर आयोगापुढे तिनं स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि स्त्री-डॉक्टरांसाठी साक्ष दिली. सगळं पुणे ऐकायला तयार होतं. दुसऱ्याच वर्षी ती इंग्लंडला गेली आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथं तिनं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्याला हा धक्का पचला नाही.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढची ऐका. ज्या वाँटेजच्या भगिनींनी तिला आसरा दिला, त्यांच्याशीच तिचे खटके उडू लागले. आम्ही सांगतो तसा विश्वास ठेव, आम्ही सांगतो तशी मुलीला वाढव, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या पद्धतीच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का, संस्कृत का नको? तिनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा बिशपांचा सूर निघाला, तोही तिला मान्य झाला नाही. परक्या देशात, पदरात लहान मूल, उदरनिर्वाह त्याच मंडळींच्या हाती. गप्प बसणं किती सोपं होतं! पण एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या स्वाधीन होण्यासाठी तिनं घर सोडलं नव्हतं. ख्रिस्ताला तिनं मनापासून स्वीकारलं होतं आणि म्हणूनच सद्‌सद्विवेक कोणाकडे गहाण टाकायला ती तयार नव्हती. भगिनींवरचं प्रेम आणि कृतज्ञता तिनं अखेरपर्यंत जपली. विवेक मात्र प्रभूच्याच पायाशी ठेवला.

सगळ्यांत मोठी परीक्षा पुण्यातच झाली. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. विधवा मुलींना शिकवायचं, स्वतःच्या पायांवर उभं करायचं, धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करायची नाही, हे त्याचं सूत्र. मुलींना आपापली व्रतं, पूजा, सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते. अमेरिकेतली रमाबाई असोसिएशन दहा वर्षं पैसे पाठवणार होती. रमाबाई पहाटे स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला, ‘केसरी’नं कोरडे ओढले, पालक हवालदिल झाले.

त्या पालकांची काळजी पोकळ नव्हती, हे आपण ख्रिस्ती माणसांनी मोकळेपणानं मान्य करावं. तटस्थतेच्या शब्दावर त्यांनी पोटच्या मुली सोपवल्या होत्या. रानडे, भांडारकर हे काही शत्रू नव्हते. त्या काळी विधवांच्या शिक्षणासाठी पुण्यात सनातन्यांचे शिव्याशाप झेलणारी जी थोडी माणसं होती, त्यांतले ते अग्रणी. त्यांना हवं होतं ते एवढंच की सदन टिकावं. रमाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी दार लावून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. कोणी म्हणेल, दार लावल्यानं श्रद्धा थोडीच कमी होते? शिवाय पणाला लागलं होतं ते विधवांचं भलं, स्वतःचं सुख नव्हे. मोह असा पुण्यकर्माचा वेष घेऊन येतो तेव्हा तो ओळखणं फार कठीण जातं.

रमाबाईंनी दार लावलं नाही. मुलींना आत या म्हणून बोलावणार नाही, आल्या तर हाकलणार नाही, आणि माझ्या देवाला माझ्याच घरात लपवणार नाही, ही त्यांची भूमिका राहिली. 1893 साली सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. कितीतरी मुली घरी नेल्या गेल्या. सदन ओस पडतं की काय अशी वेळ आली. त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्या हिंदूच राहिल्या आणि सदनातल्या शिक्षणाचं ऋण मानत राहिल्या. उघड्या दारातून आत जाता येत होतं तसं बाहेरही पडता येत होतं, याचा याहून चांगला दाखला नाही.

पुढे काय घडलं ते केडगावला जाऊन आजही पाहता येतं. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुली उचलून घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या गेल्या, शेती, हातमाग, तेलघाणा, छापखाना सुरू झाला, अंध मुलींसाठी ब्रेल आलं. 1898 साली अमेरिकेच्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत सरली. शेकडो तोंडं खाणारी आणि उद्याच्या धान्याची हमी नाही, अशा स्थितीत त्यांनी प्रार्थनेवर भार टाकून काम वाढवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचं भाषांतर केलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले. 1921 साली मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. जिचं सदन श्रद्धेपायी बुडणार असं पुणे म्हणत होतं, तिचं काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

गोऱ्ह्यांचा पिंड वेगळा. काशीतल्या शास्त्र्यांच्या घरात वाढलेला हा तरुण मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाला आणि वाद करता करता स्वतःच हरला. त्याची तरुण पत्नी त्याच्यापाशी आली, ख्रिस्ती झाली आणि लहान मुलगी मागे ठेवून लवकरच वारली. 1854 साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. दरबारी जगाची झळाळी त्यांनी जवळून पाहिली. तिच्या आश्रयानं आयुष्य काढता आलं असतं. ते परतले आणि ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहायला बसले. पुढे काउली फादरांच्या संघात राहून, अतिशय साधेपणानं, पंच हौदच्या परिसरात आणि इतरत्र त्यांनी सेवा केली. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. न पटलेली गोष्ट पटली म्हणणं त्यांना जमलं नाही, म्हणून संघाची अखेरची शपथही त्यांनी घेतली नाही. खात्री नसताना खात्रीचा आव आणणं हा धार्मिक माणसाचा फार मोठा मोह असतो. गोऱ्ह्यांनी तो टाळला. रमाबाईंच्या बुद्धीला ख्रिस्ती धर्माची वाट दाखवणाऱ्यांत त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता, तो या प्रामाणिकपणामुळेच.

नारायण वामन टिळकांचा दुसरा नकार तर तारीखवार सांगता येतो. 1895च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या आणि 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना मान होता, पगार होता, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं काम होतं. उपासनेत आपण आजही गातो ती कितीतरी पदं याच काळातली. 1917 साली त्यांनी तो पगार सोडला. मिशनशी भांडण म्हणून नव्हे, मिशनच्या माणसांवर त्यांचं प्रेम होतं. पगारी ख्रिस्तसेवकाचं बोलणं आपल्या देशबांधवांच्या कानांपर्यंत पोचतं, हृदयापर्यंत नाही, हे त्यांना सलत होतं. साताऱ्याला राहून, टाळमृदंगाच्या साथीनं कीर्तन करत, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ भरवायचा त्यांनी संकल्प केला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणणाऱ्या कवीला ही वेळ यायचीच होती. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी ते गेले.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. नवरा त्याग करतो तेव्हा चूल पेटवायची जबाबदारी बहुधा बायकोवर येते. टिळक घरातली वस्तू दारी आलेल्याला देऊन टाकत आणि रात्रीच्या जेवणाची विवंचना लक्ष्मीबाईंना पडे. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली किती ओढाताण आहे हे विसरू नये. देवाच्या मागे जाण्याचा निर्णय एकट्यानं घेतला आणि त्याचा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला, तर त्या त्यागाचाही हिशेब तपासावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो बोजा उचलला, टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरं केलं आणि स्वतःच्या श्रद्धेनं ख्रिस्ताच्या मागे गेल्या. या पुस्तकात त्यांना वेगळं प्रकरण नाही, पण टिळकांच्या प्रकरणात त्या पानोपानी आहेत.

या तिघांच्या नावांमुळे एक गैरसमज होऊ शकतो : त्याग करायला आधी वैभव असावं लागतं, असा. महाराष्ट्रातले कितीतरी ख्रिस्ती नगर, जालना, औरंगाबादकडच्या महार-मांग वस्त्यांतून आले. पोटासाठी बाटले, असा शेरा त्यांच्यावर मारणं फार सोपं झालं. गावगाड्यात त्यांचं जे काही होतं ते बलुतं. देवीच्या जत्रेत वाजवायला नकार दिला, मेलेलं जनावर ओढायला नकार दिला, की तेही बंद होई. रमाबाईंना मान गमवावा लागला, यांना भाकर. ज्याच्याकडे एकच भाकर आहे त्यानं ती सोडणं म्हणजे काय, हे मंदिराच्या दानपेटीत शेवटची नाणी टाकणाऱ्या विधवेकडे पाहून येशूनं शिष्यांना समजावलं होतं. त्या माणसांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. आपापल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारून ती लिहिली जावीत, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

त्यांच्या नातवंडांपुढची परीक्षा आजही संपलेली नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यामुळे दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं दुहेरी जगणं कितीतरी घरांच्या वाट्याला आलं आहे. पोराच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी गप्प राहणाऱ्या बापाला दोष द्यायला मी धजणार नाही. हा अन्याय कायद्यानं दूर व्हायला हवा. पण ज्यांनी सवलत गेली तरी चालेल म्हणून कागदावरही प्रभूचं नाव लिहिलं, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. अरण्यातला भाकरीचा मोह आज त्यांच्या घरी उतरला आहे आणि त्यांनी उत्तर दिलं आहे.

पुण्यातल्या सुस्थित ख्रिस्ती घरांपुढचे मोह निराळे आहेत. घर घेताना काही रक्कम रोखीनं द्या, कागदावर कमी दाखवू, असं सुचवलं जातं. हिंजवडीतल्या बढतीसाठी वर्षानुवर्षं रविवार विकला जातो. मंडळीच्या कमिटीवर निवडून येण्यासाठी गट पाडले जातात आणि देवळाच्या जमिनीवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो. गाडी, बंगला, परदेशी नोकरी म्हणजेच देवाचा आशीर्वाद, असं टाळ्यांच्या गजरात शिकवणारे मेळावे भरतात. या शिकवणीत येशूचं नाव असतं, पण अरण्यात त्यानं जे नाकारलं तेच त्याच्या नावानं मागितलं जातं. 1917 साली पगाराचा राजीनामा लिहिणाऱ्या टिळकांना या मेळाव्यात कुठं बसवणार?

म्हणून ही चरित्रं पूजेसाठी वाचू नयेत. तिघांतही दोष होते आणि ते या पुस्तकात झाकलेले नाहीत. त्यांची प्रत्येक निवड आपण जशीच्या तशी उचलावी असंही नाही. प्रत्येकानं पगार सोडायचा नसतो. जक्कयानं अर्धं धन गरिबांना दिलं आणि प्रभू त्याच्या घरी उतरला. धनवान तरुणाला मात्र सगळं विक म्हणून सांगितलं गेलं आणि तो खिन्न होऊन निघून गेला. मागणी माणसागणिक वेगळी असते. जे हातातून सोडवत नाही, नेमकं त्याच्यावरच प्रभू बोट ठेवतो, एवढं मात्र सगळीकडे सारखं आहे. ते काय आहे, हे ज्याचं त्यानं शोधायचं.

हिंदू, बौद्ध, मुसलमान किंवा देव न मानणारा वाचकही हे पुस्तक हाती घेईल अशी मला आशा आहे. सत्य पटलं आणि ते अडचणीचं निघालं, तर काय करायचं, हा प्रश्न कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही. तुकोबांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठवल्याची कथा ज्या मातीत सांगितली जाते, तिथं या तिघांची भाषा परकी वाटू नये.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना एक विनंती. उपवासकाळात आठवड्याला एक प्रकरण घरातल्या तरुणांबरोबर मोठ्यानं वाचा आणि वाचून झाल्यावर त्यांना बोलू द्या, आपण उपदेश करू नका. जमल्यास त्यांना घेऊन पंच हौदच्या पवित्र नाम देवालयात जा, केडगावला जा, तिथलं काम पाहा. आणि पुढच्या वेळी एखादा लाभ फक्त थोडंसं गप्प राहण्याच्या बदल्यात समोर आला, तर सही करण्याआधी एक दिवस थांबा, प्रार्थना करा आणि मग ठरवा.